यादीत कोण, रांगेत कोण

या फेरफटक्याला सामान फार लागत नाही. एक वही घ्या आणि पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे लिहा ‘यादीत किती’, उजवीकडे ‘आले किती’. जिथं उतराल तिथं निवडणूक असेल, किंवा निवडणुकीसारखं काहीतरी असेल. प्रत्येक मुक्कामी तुम्हाला एक नोकरी मिळेल, कारण आखातात मराठी माणूस सहलीला जायला फार उशिरा शिकला. आधी गेला तो कामालाच. मत मिळेल की नाही, ते त्या त्या ठिकाणी कळेल.

मुंबई, फेब्रुवारी १९३७

आखाताची वाट मुंबईवरून जाते, म्हणून पहिला मुक्काम गिरगावातल्या चाळीत. तुम्ही फोर्टातल्या एका पेढीवर कारकून आहात. मॅट्रिक झालेले आहात, त्यामुळे मतदार यादीत तुमचं नाव आहे. तुम्हाला दोन वेळचं जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या काकूंचं नाही. त्यांच्या नावावर घर नाही, सारा नाही, कर नाही आणि शाळेचा दाखलाही नाही. त्यांना त्याचं काही वाटतंय असं दिसत नाही. भाकरी थापता थापता त्या विचारतात, “मत देऊन झालं की जेवायला येणार ना? का तिकडंच काही देतात?”

१९३५च्या कायद्यानं प्रांतांना आपला कारभार आपण पाहण्याची मुभा दिली आहे. गव्हर्नरच्या हातात लगाम आहेच, तरीही मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेतून मुख्यमंत्री निघणार आहे. तिकडं परळ-भायखळ्यात डॉ. आंबेडकर आपल्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे आहेत. पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा. निकाल लागतात तेव्हा ते स्वतः निवडून आलेले असतात आणि काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होऊनही बहुमताच्या किंचित अलीकडं अडकलेली असते. आधी धनजीशा कूपर यांचं औटघटकेचं मंत्रिमंडळ येईल, मग जुलैत बाळासाहेब खेर सूत्रं हाती घेतील.

वही उघडा. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा हिशेब असा: यादीत सुमारे ३ कोटी माणसं, म्हणजे लोकसंख्येच्या १४ टक्के. मत द्यायला आले दीड कोटीच्या आसपास. यादीत बायका सुमारे साडेबेचाळीस लाख. केंद्रावर पोचल्या सव्वानऊ लाखांहून कमी. मतदान निम्म्याहून थोडं अधिक झालं असं वर्तमानपत्रं छापतात, आणि आकडा बरोबरही आहे. पण तो आकडा १४ टक्क्यांचा आहे. उरलेले ८६ टक्के त्यात गैरहजर म्हणूनसुद्धा मोजलेले नाहीत. गैरहजर राहायलाही आधी हजेरीपटावर नाव लागतं.

हे वाक्य वहीच्या समासात लिहून ठेवा आणि बोटीचं तिकीट काढा.

दुबई, ऑक्टोबर १९३८

बोट किनाऱ्यापासून लांब नांगर टाकते. होडीतून तुम्ही खाडीत शिरता. एका बाजूला बर दुबई, दुसऱ्या बाजूला देरा, मधे माणसांनी भरलेले अब्रे, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होड्या. दोन्ही काठांवर झावळ्यांच्या झोपड्या आणि अधूनमधून वारा खाली खेचणाऱ्या मनोऱ्यांची घरं. हवेत सुकत घातलेल्या मासळीचा वास. तुम्हाला बर दुबईतल्या एका हिंदी व्यापाऱ्याकडं जमाखर्च लिहायचं काम मिळालंय. पहिलं पान उलटताच घरी आल्यासारखं वाटतं, कारण सगळा हिशेब रुपयांत आहे. इथलं चलन तेच. तांदूळ, कापड, मसाला मुंबईचा. मोती विकायचे तेही मुंबईला. ब्रिटिशांचा पोलिटिकल रेसिडेंट पलीकडं बुशहरला बसतो आणि हिंदुस्थान सरकारला जबाब देतो.

मालक मात्र रोज सकाळी एकच रड सांगतात: मोत्याला भाव नाही. जपान्यांनी शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली आणि त्यातच जगभरची मंदी आली. पाणबुडे कर्जात, नाखवे कर्जात, त्यांना उचल देणारे व्यापारीही कर्जात. अशा काळात शासक शेख सईद बिन मक्तूम यांच्याकडं नव्या उत्पन्नाच्या वाटा आल्या आहेत: तेलाच्या शोधाचा करार, विमानं उतरण्याचं भाडं. हा पैसा शासकाचा खासगी की गावाचा? त्यांच्याच चुलतभावांनी हा प्रश्न विचारलाय, आणि तो विचारताना हातात बंदुका आहेत. देरा त्यांच्या ताब्यात, बर दुबई शेखांच्या. तुम्ही वहीवर मान खाली घालून बसता, पण खाडीपलीकडच्या गच्च्यांवरचे पहारेकरी इथूनही दिसतात.

२० ऑक्टोबरला तह होतो. १५ जणांची मजलिस, म्हणजे सभा, बसेल. गावचं उत्पन्न गावाच्या नावे खर्च होईल, त्यासाठी मजलिसची संमती लागेल, आणि शासकाला त्यातला आठवा हिस्सा मिळेल. शेख हाशर बिन रशीद तिचे धुरीण. शेख मानी बिन रशीद शाळांचं पाहतात. पुढचे काही महिने तुमच्या डोळ्यांदेखत गोष्टी घडतात. जकातीवरच्या नोकरांची नावं आणि पगार कागदावर येतात. शाळा उघडतात. गावच्या कारभारासाठी एक मंडळ नेमलं जातं. तुमचे मालक गालातल्या गालात हसतात, “आता जकातीत काय भरायचं ते तरी आधी कळेल.”

वही काढा. हे १५ जण कुणी निवडले? गावातल्या बड्या लोकांनी आपसांत बसून. पाणबुडे, हमाल, मजूर, बलुची, इराणी, हिंदी, बायका… कुणालाच विचारलेलं नाही. डाव्या रकान्यात लिहायला आकडाच नाही. ‘मोठी घराणी’ असं लिहा आणि पुढं चला.

मार्च १९३९ उजाडतो. मजलिस ठरवते की शासकाला यापुढं १०,००० रुपयांचीच नेमणूक. इथं गोष्ट तुटते. २९ मार्चला शेख सईद यांचे चिरंजीव रशीद यांचा अबू धाबीच्या शेखा लतीफा यांच्याशी विवाह आहे. लग्न देऱ्यात, म्हणून वऱ्हाड खाडी ओलांडतं. वऱ्हाडाबरोबर शेखांशी निष्ठावंत असलेले बेदूइनही देऱ्यात शिरतात. गोळीबार होतो, माणसं पडतात, आणि संध्याकाळपर्यंत मजलिस संपलेली असते. सव्वापाच महिन्यांचा कारभार एका लग्नात निकाली निघाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत खेर मंत्रिमंडळ राजीनामा देईल, कारण हिंदुस्थानाला न विचारता व्हाइसरॉयनं त्याला युद्धात ओढलं. अरबी समुद्राच्या दोन काठांवरचे स्वराज्याचे दोन तुकडे एकाच वर्षात संपले. एक बंदुकीनं, दुसरा राजीनाम्यानं. फरक पुढं दिसेल: एका काठावर यादी उरली होती, दुसऱ्या काठावर यादी कधी झालीच नव्हती.

अबू धाबी, १२ फेब्रुवारी १९७२

आता तुम्ही एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट आहात. वाळूत रस्ते आखले जात आहेत आणि दर आठवड्याला नकाशा बदलतोय. अमिरातींचं राष्ट्र फक्त दहा आठवड्यांचं आहे. रास अल खैमा परवाच संघराज्यात आलंय. आज राष्ट्रीय संघ परिषदेची पहिली बैठक आहे.

परिषदेच्या जागा ४०. अबू धाबी ८, दुबई ८, शारजा ६, रास अल खैमा ६, अजमान, उम्म अल क्वैन आणि फुजैरा प्रत्येकी ४. अधिकार सल्ल्याचे. कायद्याचा मसुदा इथं येतो, त्यावर चर्चा होते, दुरुस्ती सुचवता येते, मंत्र्याला प्रश्न विचारता येतो. सरकार पाडता येत नाही, आणि परिषद नको म्हणाली तरी कायदा थांबतोच असं नाही. राज्यघटनेच्या ६९व्या कलमानं एक दार मात्र उघडं ठेवलंय: आपले प्रतिनिधी कसे निवडायचे, हे प्रत्येक अमिरातीनं आपलं आपण ठरवावं. म्हणजे निवडणूक घ्यायला घटनेची आडकाठी नव्हती. तरीही सातही अमिरातींनी नेमणुकीचीच पद्धत धरली, आणि ती ३४ वर्षं चालली.

डावा रकाना: शून्य. उजवा रकाना: शून्य. इथं थांबण्यासारखं आणखी काही नाही.

अबू धाबी, १६ डिसेंबर २००६

शनिवार आहे आणि तुम्ही केटरिंग कंपनीचे सुपरवायझर आहात. मतदान केंद्रावर गहवा (अरबी कॉफी), खजूर आणि पाण्याच्या बाटल्या पुरवायच्या. गळ्यात पास आहे, त्यामुळे आत उभं राहता येतं. गालिचे नवे, दिवे लख्ख, मतदान यंत्रं संगणकाची. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यांतले पुरुष एकमेकांच्या नाकाला नाक लावून भेटतात. बायकांची बाजू वेगळी. गडबड नाही, घोषणा नाहीत, पक्ष नाहीतच. तुम्हाला सवय आहे ती बूथबाहेरच्या टेबलांची, चिठ्ठ्या लिहून देणाऱ्या पोरांची आणि “या की दादा, इकडं बघा” अशा हाकांची. इथं सगळं बँकेच्या शाखेसारखं शांत.

वर्षभरापूर्वी अध्यक्ष शेख खलिफा यांनी जाहीर केलं होतं की निम्म्या जागा, म्हणजे २०, निवडणुकीनं भरल्या जातील. मतदार कोण? प्रत्येक अमिरातीच्या शासकानं आपल्या जागांच्या किमान शंभरपट नावं द्यायची. अशी साडेसहा हजारांच्या आसपास नावं जमली. देशाचे नागरिक सव्वाआठ लाख. हजारी आठ.

हॉलच्या दारात उभा असलेला एक तरुण अमिराती पहारेकरी तुम्हाला मोडक्या हिंदीत सांगतो की त्याच्या थोरल्या भावाचं नाव यादीत आहे, त्याचं नाही. का? तो खांदे उडवतो. ज्यानं यादी केली त्याला विचारायचं, पण ज्यानं यादी केली त्याला कोण विचारणार?

मतदान तीन दिवसांत उरकतं: आज अबू धाबी आणि फुजैरा, १८ला दुबई आणि रास अल खैमा, २०ला बाकीच्या तीन. ४५६ उमेदवार, त्यात ६५ बायका. निवडून येते त्यातली एक, अबू धाबीच्या वास्तुविशारद डॉ. अमल अल कुबैसी. शासक आपल्या वाट्याच्या नेमणुकांत आणखी आठ जणींना घेतात, म्हणून ४०मध्ये ९ बायका दिसतात.

मतदान ७४.४ टक्के. वहीत लिहा आणि जरा थांबा. महाराष्ट्रात विधानसभेला एवढं मतदान झालं तर संपादकीयं लिहिली जातील. इथं ते म्हणजे पाच हजारांच्या आत माणसं. मंत्रालयापासून चर्चगेटपर्यंत संध्याकाळी सहाला यापेक्षा जास्त माणसं चालतात.

शारजा, सप्टेंबर २०११

यावेळी छापखाना. औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात फ्लेक्स छापायचं यंत्र दिवसरात्र चालू आहे आणि त्यावरून उमेदवारांचे चेहरे एकामागून एक सरकत बाहेर येतात. दाढी कोरलेली, नजर दूर कुठंतरी, मागं राष्ट्रध्वज. प्रचाराचा खर्च प्रत्येकी २० लाख दिरहमच्या आत ठेवायचा असा नियम आहे. पक्ष नसल्यानं सगळ्यांची वचनं एकसारखी: घरं, शिक्षण, तरुणांना नोकऱ्या. तुम्ही अरबी वाचू शकत नाही, पण तिसऱ्या दिवसापर्यंत तेच तेच शब्द आकारावरून ओळखू लागता.

हे वर्ष साधं नाही. ट्युनिस आणि कैरोत सत्ता कोसळल्या आहेत. इथं मार्चमध्ये १३३ अमिराती नागरिकांनी सह्या करून मागणी केली की सर्व नागरिकांना मताचा अधिकार द्या आणि परिषदेला कायदे करण्याचे पूर्ण अधिकार द्या. एप्रिलमध्ये पाच कार्यकर्ते पकडले गेले. नोव्हेंबरात त्यांना शिक्षा होईल आणि दुसऱ्याच दिवशी माफी मिळेल. छापखान्यात याबद्दल कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. तुमचा व्हिसा मालकाच्या नावावर आहे.

यादी मात्र वाढली आहे, आणि थोडीथोडकी नाही: १,२९,२७४. साडेसहा हजारांवरून जवळजवळ वीसपट. २४ सप्टेंबरला शनिवारी मतदान होतं. उमेदवार साडेचारशेहून अधिक आहेत. निवडून येणारी बाई पुन्हा एकच, उम्म अल क्वैनच्या शेखा ईसा अल अरी. रात्री आकडा येतो: २७.७५ टक्के.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो म्हणतो, निवडणूक पडली. ७४ कुठं आणि २८ कुठं! आता तुमची वही काढा आणि त्यांना दाखवा. २००६मध्ये रांगेत पाच हजारांच्या आत माणसं. २०११मध्ये ३५,८७७. टक्केवारी जवळजवळ दोन तृतीयांश घसरली आणि मत देणारे सातपट वाढले. दोन्ही गोष्टी एकाच निकालाबद्दल खऱ्या आहेत.

हे असं का होतं, तेही कळण्याजोगं आहे. निवडक साडेसहा हजार म्हणजे शासकाच्या ओळखीतली माणसं. ज्याला बोलावणं आलंय तो मानापोटी जाणारच. यादी सव्वा लाखावर गेली की त्यात विद्यार्थी आले, गृहिणी आल्या, दूरच्या खेड्यातले आले. ज्यांना परिषद करते काय हेच ठाऊक नाही तेही आले. त्यात परिषदेच्या हाती खजिना नाही. अबू धाबी आणि दुबईसारख्या मोठ्या अमिरातींत लोक घरी बसले. उम्म अल क्वैनसारख्या लहान ठिकाणी, जिथं उमेदवार म्हणजे कुणाचा तरी मेहुणा असतो, तिथं टक्का कितीतरी वर गेला. आपल्याकडं ग्रामपंचायतीला चुरस आणि महापालिकेला शुकशुकाट असतो, त्यामागचं कारणही फार वेगळं नाही.

२०१५ धावत पाहून घ्या. ३ ऑक्टोबर, यादी २,२४,२८१, आले ७९,१५७, टक्का ३५.२९. नियम बदलला: एका मतदाराला एकच मत. आणि एक नवी सोय: परदेशात असलेल्या अमिराती नागरिकांसाठी त्या त्या देशातल्या त्यांच्या दूतावासांत मतपेट्या. ही ओळ वहीत अधोरेखित करा, पुढं लागेल. निवडून येणारी बाई अजूनही एकच, रास अल खैमाच्या नामा अल शरहान. पण नोव्हेंबरात परिषदेच्या अध्यक्षपदी बसतात त्याच डॉ. अमल अल कुबैसी, ज्यांना २००६मध्ये तुम्ही गहवा पाजला होता.

दुबई, करामा, १८ ऑक्टोबर २०१९

शुक्रवार, सुट्टीची संध्याकाळ. करामातल्या हॉटेलात मिसळ मिळते, तर्री बेताची पण पाव ताजा. तुम्ही एका लॉजिस्टिक्स कंपनीत अकाउंटंट आहात. टेबलावर चौघं मराठी. बाहेर दिव्याच्या खांबांवर संघ परिषदेच्या उमेदवारांचे फलक अजून एखाद-दोन लटकलेले. ती निवडणूक ५ तारखेला झाली: यादी ३,३७,७३८, आले १,१७,५९२, टक्का ३४.८१. यंदा ७ बायका मतांनी निवडून आल्या आणि अध्यक्षांच्या आदेशानुसार परिषदेत निम्म्या जागा, म्हणजे २०, बायकांना मिळणार आहेत.

टेबलावर यातलं कुणी काही बोलत नाही. सगळ्यांचे डोळे मोबाइलवर आहेत, कारण तीन दिवसांनी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान आहे आणि साताऱ्यात पोटनिवडणुकीच्या सभेत पाऊस कोसळतोय. व्यासपीठावर ७८ वर्षांचे शरद पवार भिजत उभे राहून बोलत आहेत. चित्रफीत एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाते.

“फिरलं बघा वारं,” कऱ्हाडकडचे काका म्हणतात. “आता सातारा गेला राजांच्या हातनं.”

“काका, तुमचं नाव आहे का यादीत?” कोल्हापूरचा तरुण इंजिनिअर विचारतो.

“हाय की. बावीस साल झालं, पण गावच्या यादीत अजून हायच.”

“मग जाणार का मत द्यायला?”

“लेका, तिकिटाला किती पडतंय बघितलंस का? दिवाळी आठवड्यावर आलीय. एकदा दिवाळीला जाऊ, का मताला जाऊ?”

तिसरा, ठाण्याचा, जरा कायदा जाणणारा. तो सांगतो, “काका, गावच्या यादीतलं ते नाव तसं चालत नाही. राहता इकडं म्हटल्यावर परदेशी मतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. फॉर्म ६अ. आणि मत द्यायला तरीही गावच्याच केंद्रावर जायचं, पासपोर्ट घेऊन.”

“म्हणजे नोंदणी इथनं, पण मत तिथं?”

“हो.”

“आणि ह्या अरबांचं पोरगं लंडनला शिकत असलं तर?”

“ते लंडनच्या वकिलातीत जाऊन देतं.”

टेबल थोडा वेळ गप्प होतं. नंतर कुणीतरी दुसरी मिसळ मागवतं.

भारतानं परदेशस्थ नागरिकांना मतदार म्हणून नोंदवण्याचा कायदा २०१०मध्ये केला. अबू धाबीतले डॉक्टर आणि उद्योजक शमशीर वायलिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले: आहोत तिथून मत देऊ द्या. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक ऑगस्ट २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि २०१९मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं.

२४ ऑक्टोबरला निकाल येतात. विधानसभेत भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. मतदान ६१ टक्क्यांच्या पुढं. साताऱ्यात श्रीनिवास पाटील जिंकतात आणि काका सगळ्यांना चहा पाजतात. पुढचा महिनाभर करामातले मराठी लोक ऑफिसात बसून राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी आणि शिवाजी पार्कवरचा शपथविधी पाहतात. इतक्या बारकाईनं महाराष्ट्रातही कुणी पाहत नसेल.

अबू धाबी, ऑक्टोबर २०२३

ही धावती भेट. तुम्ही आयटी कंपनीत आहात. ४ ते ७ ऑक्टोबर अमिराती मतदार घरबसल्या मोबाइलवरून मत देतात, परदेशातलेही तसंच. यादी ३,९८,८७९, त्यात निम्म्याहून अधिक बायका. उमेदवार ३०९, त्यातल्या १२८ बायका. आले १,७५,४८७. टक्का ४४.

पहिल्या निवडणुकीपासून १७ वर्षांत यादी साठपट झाली आणि मत द्यायचं अंतर खिशातल्या फोनाइतकं उरलं. तरी यादी अजूनही शासकच ठरवतात, निम्मे सदस्य अजूनही नेमलेले असतात, आणि परिषद अजूनही सल्लाच देते. टक्का वाढला म्हणून अधिकार वाढले असं इथं झालेलं नाही.

दुबई, २०२४

शेवटचा मुक्काम, आणि यात तुमची नोकरी म्हणजे तुमची आजची नोकरी. एप्रिल ते जूनमध्ये लोकसभा झाली. देशभरात परदेशी मतदार म्हणून नोंदलेले १,१९,३७४. प्रत्यक्ष येऊन मत देणारे २,९५८. त्यातले २,६७० एकट्या केरळचे, कारण तिथं आखातातली माणसं मतासाठी विमानं भरून जातात. महाराष्ट्राचे नोंदलेले ५,०९७. आले किती? १७.

आकडा चुकून छापला गेलेला नाही. सतरा.

अमिरातींत भारतीयांची संख्या ३५ लाखांहून अधिक. त्यातल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र मंडळं काढली, गणपती बसवले, नाटकं आणली, दिवाळी अंक मागवले. साऱ्या जगभर पसरलेल्या महाराष्ट्रीयांतून मतदार म्हणून पाच हजारांनी नोंद केली, आणि केंद्रावर एका एसटीतही अर्ध्या जागा रिकाम्या राहतील एवढी माणसं पोचली.

२० नोव्हेंबरला विधानसभा. यादी ९ कोटी ७० लाख, मतदान ६६.०५ टक्के. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारा दहावा हिस्साही कुणाकडं नाही. निकालानंतर वाद पेटतो तो डाव्या रकान्यावर. लोकसभेनंतरच्या सहा महिन्यांत यादीत ४० लाखांच्या आसपास नावं कशी वाढली, असं विरोधक विचारतात. नोंदणी नियमानुसार झाली, असं आयोग सांगतो. कुणाचं बरोबर हे ज्याच्या त्याच्या राजकारणावर सोडा. पण वाद योग्य जागी पोचला आहे हे नक्की.

१९३७च्या मुंबईत यादी मालमत्तेनं आणि शिक्षणानं ठरली. १९३८च्या दुबईत घराण्यांनी ठरली. २००६च्या अबू धाबीत शासकांच्या पसंतीनं ठरली. आजच्या महाराष्ट्रात ती वयानं ठरते, अठरा पूर्ण आणि नागरिक, बस्स. खानावळवाल्या काकूंच्या पणतीला कुणी दाखला मागत नाही. जगातल्या फार थोड्या माणसांना इतकी मोठी यादी इतक्या सहज मिळाली. तिच्यात नसलेले लोकही आहेत, पण तुमच्या बाबतीत कुठल्या शेखानं तुमचं नाव खोडलेलं नाही. अंतरानं तुम्हाला रांगेतून काढलं असेल; यादीतून तुम्ही स्वतः गैरहजर आहात.

आणि याचा परिणाम कायद्यावर होतो. परदेशातून मत द्यायची सोय हवी अशी मागणी दिल्लीत जाते, तेव्हा समोरचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो: तुमचे नोंदलेले किती? केरळ ९० हजारांच्या जवळचा आकडा सांगतं. महाराष्ट्र पाच हजार सांगतो. सोय कुणाचं ऐकून होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा निकालाच्या रात्री टक्केवारीवर वाद घालण्याआधी यादी कोणी केली आणि तिच्यात कोण आहे, ते विचारायची सवय लावा. अमिरातींची असो की आपली. आणि तुम्ही दुबईत, शारजात, मस्कतमध्ये किंवा दोह्यात बसून हे वाचत असाल, भारतीय पासपोर्ट हातात असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फॉर्म ६अ आहे. तो भरायला विमानाचं तिकीट लागत नाही, दिवाळीची सुट्टी लागत नाही. आज रात्री जेवण झालं की भरा, आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरच्यालाही भरायला लावा.